तांबडीचे पंचेचाळीस दिवस

आमच्या क्लबच्या नावात ‘अखिल’ हा शब्द आहे. सभासद एकेचाळीस, त्यातले सतरा लातूर जिल्ह्यातले, बाकी नांदेडचे, आणि बैठकीला येणारे नऊ. हा क्लब कारवानी कुत्र्यांचा. लांब तोंडाची, पोट आत ओढलेली, उंच पायांची ही कुत्री आमच्या भागात शेतावर आणि मेंढरांमागं पिढ्यानपिढ्या आहेत. ज्याला माहीत नाही त्याला ती उपाशी ठेवल्यासारखी वाटतात. बाहेरगावचा पाहुणा घरात आला की चहाच्या आधी विचारतो, “हिला खायला देत नाही का?” आमची कुत्री तांबडी दिवसाला तीन भाकरी दुधात कुस्करून खायची आणि वर माझ्या ताटाकडं बघायची, तरी तिच्या बरगड्या लांबून मोजता येत.

मी या क्लबची सचिव झाले ती कुत्र्यांमुळं नव्हे, अर्जामुळं. कंधारच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं काम केलं. क्लबची नोंदणी करायची होती तेव्हा अध्यक्षांनी अर्जाचा मसुदा मला दाखवायला आणला. एका परिच्छेदात ‘कटिबद्ध’ हा शब्द तीनदा होता. मी दोन काढले. पुढच्या बैठकीत मला सचिव केलं. नवरा म्हणाला, “तिसरा बी काढला असता तर अध्यक्षच केलं असतं तुला.” तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यावर त्याला दुरुस्त करायला काही उरलं नाही, म्हणून तो बोलतो.

तांबडी आम्हाला मिळाली ती लोह्याकडच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडून. तो क्लबचा सर्वांत जुना सभासद. त्याच्या घरात पिल्लू विकत नाहीत. मादी असेल तर घेणाऱ्या बाईची ओटी भरतात आणि पिल्लू तिच्या मांडीवर ठेवतात. माझ्या पदरात त्याच्या सुनेनं तांदूळ, नारळ आणि खणाचा तुकडा घातला, मग दोन महिन्यांची तांबडी. म्हातारा म्हणाला, “लेक दिली बाई. पायानं लोटू नगा.” त्यानंतर भेटला की तो आधी तिची खुशाली विचारायचा, मग माझी. बहुतेकदा माझी राहूनच जायची.

आमच्या अध्यक्षांविषयी थोडं सांगायला हवं. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, आणि फीत कापल्याशिवाय एखादी गोष्ट सुरू होऊ शकते यावर त्यांचा विश्वास नाही. एका उन्हाळ्यात क्लबनं भटक्या जनावरांसाठी पाण्याच्या पाच कुंड्या ठेवल्या. प्रत्येक कुंडीला वेगळी फीत होती. पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर दोन तहानलेली कुत्री फितीखालून वाकून पाणी प्यायला लागली तेव्हा त्यांना हाकलायला माणूस उभा करावा लागला. हे मी दोन-चार जणांना हसत सांगितलं होतं. तेव्हा ते मला नुसतंच गमतीचं वाटलं होतं.

कुत्रं पिसाळू नये म्हणून त्याला रेबीजची लस वर्षातून एकदा द्यावी लागते. आमचे सभासद पावसाळ्याच्या तोंडाला आपापल्या गावच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कुत्रं नेत, सुई देत, कार्डावर तारीख घालून घेत. दहा मिनिटांचं काम. गेल्या वर्षी अध्यक्षांच्या मनात आलं की हे असं सुटंसुटं करण्यापेक्षा एकाच मांडवात ‘भव्य श्वान लसीकरण शिबिर’ घ्यावं. मोठे पाहुणे बोलवावेत आणि पहिली सुई त्यांच्या हस्ते द्यावी. पहिला मान तांबडीचा ठरला, कारण ती सुईला हलत नसे आणि फोटोत मान वर ठेवून उभी राही. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

क्लबच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज अध्यक्षांनी असा लिहिला होता: “कुणीही आत्ता लस देऊ नये, नाहीतर शिबिरात कुत्री कमी पडतील.” मी तो सुधारला. “शिबिराचे सामूहिक स्वरूप लक्षात घेता सभासदांनी परस्पर लसीकरण करू नये. तारीख यथावकाश कळविण्यात येईल.” मूळ वाक्य माझ्यापेक्षा प्रामाणिक होतं. ‘यथावकाश’ हा शब्द माझा.

जूनमध्ये पाहुण्यांचं अधिवेशन निघालं. नंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दिवाळीनंतरची तारीख ठरली, मांडववाल्याला सांगून झालं, आणि नगरपालिकेची आचारसंहिता लागली. तांबडीच्या कार्डावरची मुदत मेमध्येच संपली होती. ते कार्ड माझ्या कपाटातल्या खणात चष्म्याच्या डबीखाली असायचं. दर सकाळी चष्मा काढताना ते दिसायचं. दवाखाना आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. पण सचिवानंच परस्पर लस दिली तर बाकीच्यांना काय तोंडानं सांगणार, असं मी मनाशी म्हणायचे, आणि डबी परत त्याच्यावर ठेवायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर सराव होता. आता ससा धरायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं आमचा ससा चिंध्यांचा. एक जुनी स्कूटर स्टँडवर चढवायची, मागच्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला चिंध्यांचं गाठोडं बांधून ते लांब नेऊन ठेवायचं. स्कूटर रेस केली की गाठोडं उड्या मारत येतं आणि कुत्री त्याच्यामागं सुटतात. स्कूटर अर्थातच माझा नवरा चालवतो. एका जागी उभी असलेली ही गाडी तो डेपोतल्या कुठल्याही बसपेक्षा मन लावून चालवतो.

तांबडी धावून आली होती आणि माझ्याजवळ धापा टाकत उभी होती. म्हातारा मेंढपाळ शेजारीच त्याच्या करड्या कुत्र्याची दोरी सोडत होता. तेवढ्यात कडेच्या तुरीतून एक भटकं कुत्रं बाहेर आलं. ते भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, इतकी कुत्री बघून बिचकलंही नाही. सरळ रेघेत चालत आलं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. त्यानं तांबडीच्या कानाला आणि गालाला धरलं, झटका दिला, सोडलं, मग करड्या कुत्र्याची मांडी धरली. म्हाताऱ्यानं काठी घातली. आणखी तिघं-चौघं धावले. ते कुत्रं मेलं तेव्हाही त्यानं आवाज केला नव्हता, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

मी पदर तांबडीच्या कानावर दाबून धरला होता. थंडीनं माझ्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या. नवऱ्यानं माझा हात ओढून काढला आणि ओरडला, “सोड! आधी हापशावर चल, तू बी आन् ती बी.” हापशाखाली त्यानं धुण्याच्या साबणानं तिचा कान, माझे हात, स्वतःचे हात पंधरा मिनिटं घासले. ती हलली नाही. ती मोठ्या माणसांच्या हस्ते सुई घेण्यासाठी निवडलेली कुत्री होती.

मधल्या वेळेत अध्यक्ष गाडीतून आले. मेलेलं कुत्रं कुणी मोबाइलवर काढायच्या आत पुरून टाका, क्लबचं नाव खराब होईल, असं त्यांनी सांगितलं. खड्डा झाला, वरून मीठ पडलं.

“डोकं कुठंय त्याचं?” दवाखान्यातल्या डॉक्टरनं पहिलं हे विचारलं. लातूरकडचा तरुण डॉक्टर, तीस-बत्तीसचा असेल.

“पुरलं,” मी म्हटलं.

“मेंदू तपासायला पाठवता आला असता. पिसाळलेलं होतं की नाही ते कळलं असतं.” मग त्यानं हात पुढं केला. “कार्ड?”

मी कार्ड दिलं. त्यानं तारीख वाचली, परत वाचली.

“मेमध्ये संपलंय, मॅडम.”

“हो.”

“आणि तुम्ही तर क्लबच्या सचिव.”

“शिबिर होणार होतं,” मी म्हटलं. शिबिराची निमंत्रणपत्रिका त्याच्याच टेबलावरच्या काचेखाली होती, तारखेची जागा कोरी. आम्ही दोघांनी तिच्याकडं बघायचं टाळलं.

म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं त्याचं कार्ड काढलं. करड्या कुत्र्याला आषाढाच्या आधीच लस झालेली होती. सगळं जिथल्या तिथं.

“तुम्हाला मेसेज नव्हता का आला?” मी विचारलं.

“आलता की. फोन वाजलाता,” तो म्हणाला. “पन मला कुठं वाचता येतंय, बाई? मी आपलं दर साली नेतो तसं नेलं.” मग माझ्या तोंडाकडं बघून त्यानं विचारलं, “कामून? काय लिवलंतं त्यात?”

मी सांगितलं. तो खाली बसून तांबडीच्या पाठीवरून हात फिरवायला गेला, तर डॉक्टरनं त्याला अडवलं.

करड्याचं दोन सुया आणि थोड्या देखरेखीवर भागणार होतं. तांबडीला पाच सुया, आणि पंचेचाळीस दिवस एकटीला बांधून ठेवायचं. कुणी हात लावायचा नाही, भाकरी लांबून सरकवायची. आम्हा नवराबायकोलाही सरकारी दवाखान्यात सुया. डॉक्टरनं काय बघायचं ते सांगितलं. “पाण्याला भिते का ते बघत बसू नका. ते माणसाचं. कुत्रं शेवटपर्यंत पाण्याजवळ जातं. वागणं बदलतंय का बघा. आवाज बसतो, घोगरा होतो. अंधारात तोंड घालून बसतं. खालचा जबडा लोंबतो, तोंड मिटत नाही, लाळ गळते. लोकांना वाटतं घशात हाड अडकलंय, आणि हात घालतात. तो हात मात्र घालायचा नाही.”

“आणि असं काही दिसलं तर इलाज?” नवऱ्यानं विचारलं.

डॉक्टरनं कार्डावर पहिल्या सुईची तारीख लिहिली आणि कार्ड माझ्याकडं दिलं. नवऱ्यानं परत विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी अध्यक्षांना फोन केला. तीस-पस्तीस घरांतली कुत्री माझ्या मेसेजमुळं लसीवाचून राहिली होती. ते म्हणाले, “मॅडम, आचारसंहिता उठायला बाराच दिवस राहिलेत. आता घबराट पसरवली तर शिबिराला कोण येईल? बारा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?” मी सात महिने चष्म्याच्या डबीशी जे बोलत होते तेच हे वाक्य होतं, म्हणून मी फोन ठेवला. एक पूर्ण दिवस मी गप्प बसले. हे मी लपवत नाही. सोमवारी संध्याकाळी मेसेज टाकला. ‘माझ्या कुत्रीला संशयित कुत्रं चावलं आहे. तिची लस मी चुकवली. लस देऊ नका असं तुम्हाला कळवलं तेही मीच आणि तेही चूक होतं. शिबिराची वाट बघू नका. उद्या सकाळी दवाखान्यात जा.’

पहिल्या पाच मिनिटांत चौघांनी ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिलं. आमच्या ग्रुपवर सचिवाचा मेसेज म्हणजे कुणाचा तरी सत्कार, अशी सवय. मग उदगीरच्या एकानं न वाचता अभिनंदन करणाऱ्यांना शिव्या घातल्या, आणि बाकीच्यांनी वाचलं. आठवड्याभरात सगळ्यांनी सुया दिल्या. कुणी मला बोललं नाही. एकाच बाईनं, अहमदपूरकडची आहे, फोन करून विचारलं, “ताई, तुमची कशी हाय?” मला त्या प्रश्नाचं उत्तर पंचेचाळीस दिवस येणार नव्हतं.

म्हैस विकल्यापासून आमचा गोठा रिकामा होता. तिथं खुंट्याला साखळी बांधून तांबडीला ठेवलं. दाराला नवऱ्यानं जाळी ठोकली. तोवर ती माझ्या पलंगाच्या पायथ्याशी झोपत होती. पहिले तीन दिवस मी जाळीजवळ गेले की ती उभी राहायची, शेपटी हलवायची आणि साखळी ताणून मान वाकडी करायची, म्हणजे मी आता सोडणारच. मी वेळूच्या काठीनं परात आत सरकवायचे आणि मागं यायचे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून तिनं शेपटी हलवायची बंद केली. आता हे वागणं बदललं म्हणायचं का? मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला कुणी गोठ्यात बांधलं तर तुम्ही काय कराल?”

त्यात या जातीची कुत्री फार भुंकत नाहीत. महिना-महिना आवाज काढत नाहीत. आवाज घोगरा झालाय का हे ऐकायचं तर आधी तो ऐकू यायला पाहिजे. मी तिला भुंकायला लावण्याचे उपाय करू लागले. परात वाजवली, मांजर दाखवलं, एकदा स्वतःच घोंगडी पांघरून गोठ्यासमोरून गेले. तिनं शांतपणे बघितलं. नवरा ओट्यावर बसून हे पाहत होता.

“ती ठीक हाय,” तो म्हणाला. “तुझं मात्र वागनं बदललंय. डॉक्टरला सांगू का?”

“तुम्हाला काळजीच नाही.”

“फिकीर करून काय करू? दिवसातून चाळीसदा बघून राहिली तू. तुझ्या बघन्यानंच येड लागंल तिला.”

मी वाचनालयातली माणूस, तेव्हा पुस्तकं उघडणारच. जनावरांच्या रोगांवरच्या एका जाड पुस्तकात पंचेचाळीस दिवस होते. दुसऱ्यात सहा महिने. एका ठिकाणी ‘क्वचित त्याहूनही अधिक’ असं होतं. ‘क्वचित’ या शब्दाशी माझं कधी भांडण नव्हतं, तेव्हापासून आहे. मी पुस्तकं परत केली, पण वाचलेलं परत करता येत नाही.

सतराव्या दिवशी दुपारी मी परात घेऊन गेले तर सकाळची भाकरी तशीच होती. तांबडी भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी हाक मारली. तिनं मान वळवली. तोंड उघडं होतं. धापत असल्यासारखं नव्हे, नुसतंच उघडं. खालचा जबडा खाली, जीभ एका बाजूला, आणि हनुवटीवरून लाळेची तार जमिनीपर्यंत. तिनं तोंड मिटायचा प्रयत्न केला. मिटलं नाही.

मला वाटतं मी परात हातातून टाकली नाही, नीट खाली ठेवली. मग घरात गेले आणि डॉक्टरला फोन लावला. तो इस्लापूरकडं गेलेला होता, म्हशींच्या साथीसाठी. यायला तीन तास लागतील म्हणाला. “दार बंद ठेवा. कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. मी येतो.” मी बरं म्हटलं. मग पुढं काय काय करावं लागेल त्याचा विचार करत खुर्चीत बसले. मेंढपाळाला कोण सांगणार, खड्डा कुठं, मीठ घरात किती आहे. मिठाचा डबा उघडून बघितल्याचं मला आठवतं. तिचा जीव अजून जायचा होता, आणि मी डबा बघत होते.

डबा खाली ठेवून मी नवऱ्याला सांगायला बाहेर आले. तो ओट्यावर नव्हता. गोठ्याची जाळी उघडी होती.

तो आत उकिडवा बसला होता. तांबडीचं डोकं त्याच्या काखेत, त्याचा डावा हात तिच्या वरच्या जबड्यावर, आणि उजवा हात मनगटापर्यंत तिच्या तोंडात. डेपोत इंजिनच्या पोटात हात घालून, वर कुठंतरी बघत, बोटांनी चाचपायचा, तसाच तो वर आढ्याकडं बघत होता. ती हलत नव्हती.

“अहो!” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“गप. हालवू नको तिला.”

मग त्यानं हात बाहेर काढला. बोटांत तुरीच्या काडीचा तुकडा होता, बोटाएवढा लांब, दोन्ही टोकांना चघळलेला. वरच्या दाढांच्या मध्ये टाळूला आडवा बसला होता. गोठ्याच्या कोपऱ्यात तुराट्यांची पेंढी ठेवलेली होती. साखळी तिथवर पोचते हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

तांबडीनं तोंड मिटलं. उघडलं, परत मिटलं. मग त्याचा हात चाटला.

“डॉक्टर काय म्हणाला होता?” माझा आवाज चढला होता. “हात घालायचा नाही म्हणाला होता! नेमकं हेच म्हणाला होता!”

“म्हनला व्हता.”

“मग?”

“मग काय? मरायचीच असंल तर तोंड उघडं टाकून मरंल का?” तो उठला, हापशाकडं गेला आणि साबण मागितला. मी साबण आणून दिला आणि तिथंच उभी राहून घड्याळात पंधरा मिनिटं बघितली. त्याची बोटं मला दिसू नयेत म्हणून तो जास्त फेस काढत होता.

डॉक्टर आला, काडी बघितली, तांबडीला बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. माझ्या नवऱ्याच्या तीन सुया झालेल्या होत्या, एवढीच त्यातली बरी गोष्ट, असं म्हणाला. “काकू, काडी निघाली हे चांगलं. पण काडी होती म्हणजे दुसरं काही नाही, असं होत नाही. दिवस मोजायचे ते मोजायचेच.” मी मॅडमची काकू त्या दिवशी झाले. संध्याकाळी तांबडीनं दोन्ही परातींतलं मिळून खाल्लं.

तिसाव्या दिवसाच्या सुमाराला अध्यक्ष घरी आले. आचारसंहिता उठली होती, पाहुण्यांनी तारीख दिली होती, आणि आता दोन जिल्ह्यांत लस न झालेलं एकही कारवानी कुत्रं उरलेलं नव्हतं. अध्यक्षांनी त्यावरही तोडगा काढला होता. सुई रिकामी असली तरी फोटोत कळत नाही. फक्त कुत्रं हलणारं नको.

“तांबडीला आणा, मॅडम. दहाच मिनिटं. शिवाय तुम्ही जी जनजागृती केली त्याबद्दल तुमचाही सत्कार ठेवलाय.”

मी काही बोलायच्या आत नवरा ओट्यावरून म्हणाला, “न्या की साहेब. तोंडातनं काडी काढायची तेवढी सवय ठिवा. पंधरा दिवस राहिल्यात अजून. पिसाळलीच तर पाव्हन्याच्या हस्ते पिसाळंल, मान व्हईल क्लबचा.”

अध्यक्षांनी चहा अर्धा ठेवला. मी शिबिराला गेले नाही. नंतर ग्रुपवर फोटो आला. त्यात पाहुणे हातात सुई धरून कॅमेऱ्याकडं बघत होते आणि म्हाताऱ्या मेंढपाळाचं करडं कुत्रं दुसरीकडं. डॉक्टर फोटोत नव्हता. तो त्या दिवशी रजेवर होता, आणि मला वाटतं आमच्या कार्यक्रमामुळंच. म्हाताऱ्यानं मला फोनवर सांगितलं, “हार घातला बाई मला. कुत्र्याला बी घातला, त्यानं खाल्ला.” मग नेहमीचं विचारलं, “लेक कशी हाय माझी?”

“अजून आठ दिवस आहेत,” मी म्हटलं.

“तुमी कशा हाव?” त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी डॉक्टर आला. जाळीबाहेरून बराच वेळ बघितलं, मग आत गेला, जबडा दाबला, डोळ्यांवर बॅटरी धरली, उठवलं, चालवलं. “सोडा,” म्हणाला.

“पुस्तकात सहा महिनेही आहेत,” मी म्हटलं.

“आहेत. सहा महिने बांधून ठेवायचीय का?”

“नाही.”

“मग सोडा. लस झालीय, लक्षणं नाहीत. आता एवढंच असतं, काकू. लक्ष ठेवा.”

साखळी मीच काढायची म्हटलं. आत गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी तिच्या इतकी जवळ होते. गळ्याभोवती पट्ट्याची केस गेलेली रेघ पडली होती. कडी लवकर निघेना. भीती अजून होती; मी तोंडाच्या बाजूनं नव्हे, मागून हात घातला होता. तिला ते कळलं असणार. कडी निघाली. मी वाट बघितली की ती अंगावर उडी मारेल, लहानपणापासून मारते तशी.

ती माझ्या बाजूनं निघून गेली. अंगाला अंग न लागू देता, भिंतीकडून. ओट्यावर नवरा बसला होता. त्याच्या दोन पायांच्या मध्ये जाऊन तिनं डोकं घातलं आणि तशीच उभी राहिली. तो तिच्या पाठीवर थापट्या मारत माझ्याकडं बघत होता.

“चावलं दुसरंच,” शेवटी तो म्हणाला, “आन् रुसली तुझ्यावर.”

रुसली हा शब्द तो मला बरं वाटावं म्हणून वापरत होता. ती रुसली नव्हती. पंचेचाळीस दिवस जो माणूस काठीनं परात सरकवतो आणि नजर न हटवता बघत राहतो, त्याच्याविषयी तिनं काही एक ठरवलं होतं, आणि त्यात तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

क्लबच्या सचिवपदाचा राजीनामा मी दिला. अध्यक्षांनी तो स्वीकारायला कार्यक्रम ठेवतो म्हटल्यावर परत घेतला. या मे महिन्यात ग्रुपवर मी लसीची एकच ओळ टाकली, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना फोन केले.

या गोष्टीला आता पाच महिने होत आले. तांबडी नवऱ्याच्या खाटेखाली झोपते. मी भाकरी टाकली तर आधी त्याच्याकडं बघते, मग खाते. खाते, हे पुरेसं आहे. दुपारी मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसते आणि ती समोर सावलीत पडलेली असते. अधूनमधून ती जांभई देते. लांब तोंड पूर्ण उघडतं, दाढा दिसतात, टाळू दिसते. मी ओळीवर बोट ठेवून थांबते. तोंड मिटतं. मग मी पुढची ओळ वाचते.